बीचं झाड

पार्बताबाईचं म्हणणं एवढंच होतं, की सुनेनं लपवायचं तर नवी साडी लपवावी, माहेराहून आलेला लाडवांचा डबा लपवावा; पोटातलं लेकरू ही काय सासूपासून लपवायची चीज झाली? आणि तेही कोणापासून, तर जिनं उभा जन्म वाफ्यांत घातला, कोंब वर यायच्या आधी नुसती माती भेगाळलेली पाहून इथं काय उगवणार ते सांगितलं, त्या बाईपासून!

“आंधयी समजते काय मले?” ती नवऱ्याला, उत्तमरावांना म्हणाली. “फोडनीचा वास आला का मांगच्या अंगनात पयते. शिकवाले जाते त ओढनी अशी लपेटते, जशी हिवानं कुडकुडून राहिली. अन् मले म्हनते, ‘आई, अ‍ॅसिडिटी झाली.’ फागुनात त्या अ‍ॅसिडिटीचं बारसं करू आपन!”

उत्तमराव उकिडवे बसून रोपांचे खालचे फुटवे खुडत होते. “सांगीन ना तिच्या मनानं,” ते म्हणाले. “दोनदा पोयली हाय बिचारी.”

“पोयली त मी काय निखारा आहो?”

उत्तमरावांनी पुढच्या रोपाचा फुटवा खुडला. आख्खा संसार त्यांनी अशा वेळी मान खाली घालून काढला होता आणि त्यात त्यांचं काही वाईट झालं नव्हतं.

शेंदूरजनाघाटात त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. आधी जंबेरीचं, म्हणजे रानटी आंबट लिंबाचं बी लावायचं. रोप पेन्सिलीएवढं झालं की त्याची साल चिरायची, चांगल्या संत्र्याच्या झाडाचा एक डोळा त्या चिरेत बसवायचा आणि पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. खाली राहतो तो खुंट. त्यानं पाणी ओढायचं, झाड उभं धरायचं, बस्स. फळ सगळं डोळ्याचं. ज्या झाडाचा डोळा, त्याच झाडाची चव, तीच साल, तेच बी. पार्बताबाईच्या हातची कलमं पार मध्य प्रदेशात गेली होती आणि एकानंही कधी परत येऊन ‘फळ बदललं’ म्हटलं नव्हतं. “बीचं झाड म्हनजे जुगार,” ती म्हणायची. “आमच्याकडे जुगार चालत नाई.”

माणसांचा हिशेबही तिनं याच वाफ्यात बसवला होता. बाप म्हणजे डोळा, बाई म्हणजे खुंट. मंजुषाचं दुसरं पोट पडलं, त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवात बाया चुकचुकू लागल्या तेव्हा ती सगळ्यांसमोर बोलली होती, “डोया आमच्या घरचा चांगला आहे. खुंटच खोटा निंगाला, त काय करता?”

मंजुषा तेव्हा तिळगुळाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं एकीलाही न चुकवता तिळगूळ दिला, सासूच्या पाया पडली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती सासूशी विचारलं तेवढं बोलायची. वरुडच्या ज्युनिअर कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची, माहेर अकोल्याचं. आता दर थोड्या दिवसांनी ‘बाबांची तब्येत’ म्हणून ती आणि जीवन अकोल्याला जात होते. व्याह्यांची तब्येत कशी होती ते पार्बताबाईला ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात व्याह्यांनी फोनवर तिला कपाशीचा भाव सांगितला होता, तोही खणखणीत आवाजात.

म्हणून त्या सकाळी जीवननं गाडी बाहेर काढली, तेव्हा पुढच्या सीटवर पार्बताबाई आधीच बसलेली होती. नवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत दशम्या.

“आई, तू कोठी?” जीवन म्हणाला.

“जठी तुमी, तठी मी. सांगाचं त सांगा, नाई त नका सांगू. मी बसली.”

जीवननं आरशातून मागे बायकोकडे पाहिलं. मंजुषा खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या ओठांना रंग नव्हता. पार्बताबाईनं तेही आरशातच पाहिलं आणि जिभेवर आलेलं पुढचं वाक्य गिळलं. सुनेच्या तोंडावरचा राग तिला ओळखता यायचा, आळस ओळखता यायचा. हे तिसरंच काही होतं. पोरगी भ्यालेली होती.

अमरावती गेली, बडनेऱ्याचा पूल गेला. मूर्तिजापूर जवळ आलं तशी पार्बताबाईनं पदर सारखा केला, कारण ते तिचं माहेर. रस्ता गावाबाहेरून निघाला तरी मनाच्या डोळ्यांना तिला तो जुना ओटा दिसलाच. तिच्या भावाचा, देवरावचा ओटा. त्यावर एक गोधडी आणि गोधडीवर देवरावचा भगवंत.

भगवंतनं कधी मान धरली नाही. डोळे मोठे, कान जरा खाली, ओठ वर दुभंगलेला. बाकी लेकरं रांगली, चालली, शाळेत गेली. तो गोधडीवरच लांब होत गेला. शकुंतलेची शिटी वाजली की तेवढा हसायचा, त्या छोट्या आगगाडीवाचून त्याला जगात दुसरं काही नव्हतं. पार्बताबाई तेव्हा जीवनच्या वेळी दिवस गेलेले असताना माहेरी आली होती. सासूनं, माणिकबाईनं, निघताना बजावून पाठवलं होतं, “त्या पोट्ट्याकडे पाहू नको, पोटातल्यावर सावली पडते.” ती ओट्यावरून पदर ओढून आत गेली होती आणि तरीही तिनं पाहिलं होतं. पुढे जीवन जन्मला तेव्हा तिनं पहिल्यांदा त्याची मान पाहिली. नंतर बाकीचं.

भगवंत पुढे फार जगला नाही. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे. मूर्तिजापूर मागे पडलं तरी पार्बताबाईचा हात गळ्याशीच होता.

अकोल्याचा दवाखाना रस्त्यावरच होता, जिना चढून वर. डॉक्टर चारुशीलाबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या. त्यांनी हसून खुर्ची पुढे केली.

“या आजी, बसा.”

“आजी म्हनू नका बाई अजून,” पार्बताबाई म्हणाली. “तेच त अडून राहिलं.”

डॉक्टरीणबाईंचं हसू जागीच थांबलं. त्यांनी मंजुषाकडे पाहिलं. “यांना सांगितलेलं नाही का?”

मंजुषानं मान हलवली. मग जीवनच बोलला. नर्सरीतल्या मजुरांवर ओरडणारा तिचा पोरगा, शाळेतल्या पोरासारखा बुटांकडे पाहत बोलला.

“आई, खोट माह्यात हाय.”

“तुह्यात?” पार्बताबाईला आधी हसूच आलं. “दोन-दोन पोते खांद्यावर नेते तू. तुह्यात कायची खोट?”

“त्यांना स्वतःला काहीही झालेलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुसऱ्यांदा गर्भ गेला तेव्हा मी दोघांचंही रक्त तपासायला पाठवलं. मंजुषाचं अगदी व्यवस्थित आहे. जीवनच्या गुणसूत्रांत दोन तुकड्यांची अदलाबदल आहे. त्यामुळे गर्भ टिकत नाहीत. कधीकधी टिकतात, आणि मग...” त्या थांबल्या. “आता हे तिसरं टिकलं आहे. म्हणून आज पोटातलं थोडं पाणी सुईनं काढून तपासायचं.”

“टिकलं त चांगलंच झालं ना,” पार्बताबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सह्यांचे कागद जीवनच्या हातात दिले.

आत सुईची तयारी होईपर्यंत त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. जीवन सह्या करायला गेला. सासू-सुना शेजारी-शेजारी, मध्ये दशम्यांची पिशवी. पार्बताबाईला घाम आला होता. तिनं पिशवी उचलून पलीकडे ठेवली.

“मले समजंल असं सांग,” ती म्हणाली. “तू पोराईले शिकवते ना? मंग मले शिकव. पन तुह्या पुस्तकातलं नको सांगू.”

मंजुषा बाकावरच तिच्याकडे वळली. मग सासूचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले. दोन्ही हातांत सारखंच होतं: हिरवा चुडा, लाखेचं कडं, सोन्याची पाटली. लग्न होऊन आल्यापासून सुनेनं असा हात धरलेला पार्बताबाईला आठवत नव्हता. बोटं बर्फासारखी होती.

“हा हात तुमच्या आईनं भरला, हा बाबांनी. असं समजा. या हातात जे, त्याचा जोड त्या हातात. असे तेवीस जोड. अंगातल्या बारक्यात बारक्या कणात, पेशीत, गुणसूत्रांचा हा एवढा साज असतो.”

“बरं.”

“आता जखम झाली, भरून आली. नख वाढलं. म्हणजे काय झालं, तर एका पेशीच्या दोन झाल्या. दोन व्हायच्या आधी कासार बसतो, अन् एकेका बांगडीची हुबेहूब दुसरी बांगडी घडवतो. मग दोघींची वाटणी. दोघींच्या हातात पूर्ण साज, पहिलीसारखाच. याले सूत्री विभाजन म्हणतात. तुमचा डोळा फुटून झाड होते ते असंच. म्हणून फळ बदलत नाही.”

“अन् लेकराचं?”

“लेकराचं बीज वेगळं वाटल्या जाते. तिथं दोन हातांचा साज नाही देत. जोडातली एकच द्यायची, एका हातापुरतं. दुसरा हात दुसऱ्या घरून भरून येणार असते ना! वाटायच्या आधी जोडातल्या दोघी जवळ येतात, गळ्यात गळा घालतात, आपसात तुकडे बदलून घेतात. अन् मग एक इकडे, एक तिकडे. कोणती कुठे जाईन ते कोणीच सांगू शकत नाही. हे अर्धगुणसूत्री विभाजन. म्हणून दोन भाऊ सारखे नसतात.”

“मंग जीवनचं काय अडलं?”

मंजुषानं हिरवी बांगडी आणि लाखेचं कडं बोटांनी जवळ आणलं. “कधीतरी, कोणाच्या तरी अंगात, ही बांगडी फुटली...”

“फुटली म्हनू नको वं! वाढली म्हन.”

“वाढली,” मंजुषा म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. “हिरवी वाढली, अन् लाखेचं कडंही वाढलं. अन् जुळताना चुकून हिरवीचा तुकडा कड्याले लागला, कड्याचा तुकडा हिरवीले. एवढंच. काच तेवढीच, लाख तेवढीच, काही कमी नाही, काही जास्त नाही. म्हणून जीवन धडधाकट. पेशीच्या दोन पेशी होताना काहीच अडत नाही, जसं असंन तसं छापते. पण बीज वाटताना... आई, वाटणारी आंधळी असते. दोन्ही सरळ गेल्या, लेकरू छान. दोन्ही जोडतोड गेल्या, तरी छान, बापासारखं. पण एक सरळ अन् एक जोडतोड गेली, त मग लेकरात लाख जास्त होते अन् काच कमी पडते. त्या तुकड्यात काय लिहिलं असंन ते... डोकं, हृदय, काहीही.”

पार्बताबाईनं हात काढून घेतले नाहीत. “पन लेकरू बापाचं असते,” ती हळू म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यभर जोरात म्हटलं होतं. “माय म्हनजे...”

“खुंट,” मंजुषा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “आई, लेकरू कलम नसते. लेकरू बी असते.”

आतून नाव पुकारलं. मंजुषा उठून गेली. जीवन तिच्यामागे गेला. दार लागलं.

पार्बताबाई बाकावर एकटी राहिली आणि भीती तिच्या शेजारी सुनेच्या जागी येऊन बसली. बीचं झाड! ज्याची हमी तिनं जन्मात कोणाला दिली नाही. आठ-आठ वर्षं काटेच देतं, आणि मग फळ येतं ते गोड की कडू, वरच्यालाच माहीत. आणि कोणाच्या तरी अंगात, म्हणाली पोरगी. कोणाच्या? जीवनच्या आधी तिची स्वतःची दोन गेली होती, नंतर एक. माणिकबाईनं अंगारे लावले, उंबऱ्यावर लिंबू कापलं, मग तोंड फिरवलं. आणि ओट्यावर गोधडी होती, गोधडीवर देवरावचा भगवंत होता. एका मायबापाची लेकरं, ती आणि देवराव. या बांगड्या एकाच कासाराकडून भरलेल्या.

दार उघडलं तेव्हा ती उभीच होती. “डॉक्टरीनबाई, माह्यं रगत घ्या.”

“आजी, तुमची तशी आज गरज...”

“घ्या म्हनते ना. मले माह्या माहेराचं पाहाचं आहे.”

परतीच्या वाटेवर मंजुषा मागच्या सीटवर आडवी झाली होती. पार्बताबाईनं मूर्तिजापुरापासून बडनेऱ्यापर्यंत भगवंतची सगळी गोष्ट सांगितली. तिनं ती समोरच्या काचेला सांगितली, मागे वळून पाहिलं नाही. संपली तेव्हा जीवननं गाडी जराशी हळू केली होती. मागे कोणीतरी तोंडावर ओढणी दाबली एवढं कळलं.

मग वाट पाहणं आलं. मंजुषा म्हणाली, मुंबईला पाठवलेल्या त्या पाण्यात लेकराच्या पेशी असतात, त्या काचेच्या भांड्यात वाढवतात. एक पेशी दोन व्हायला निघते त्या ऐन वेळी तिला औषध घालून अडवतात, कारण गुणसूत्रं तेव्हाच नजरेला येतात, एरवी गुंता असतो. पार्बताबाईला हे ऐकल्यापासून घास उतरेना. मुंबईत कुठेतरी एका भांड्यात तिचं नातवंड निम्म्यात अडवून धरलेलं होतं आणि कोणी परका माणूस त्याच्या बांगड्या मोजत होता.

जीवन दोनदा पाण्याची मोटार सुरू ठेवून विसरला. आधी सुनेच्या ओकारीवर टोमणे मारणारी पार्बताबाई आता ती ओकली नाही की घाबरायची. “आज वांती नाई झाली?” ती दारातून विचारायची. मंजुषा नाही म्हणाली की ती तिथंच उंबऱ्यावर बसायची. मागच्या दोन्ही वेळी आधी मळमळच थांबली होती.

पार्बताबाईच्या रक्ताचं आधी कळलं. मंजुषानं फोन ठेवला आणि अंगणात येऊन सरळ सांगितलं. “तुमच्यातही आहे, आई. तीच अदलाबदल. जीवनमध्ये तुमच्याकडून आली.”

पार्बताबाई ओट्यावर बसली. उत्तमरावांनी तिला पाणी आणून दिलं आणि म्हणाले, “म्हनजे पोट्टं तुह्यावर गेलं. मी त लगनापासून सांगून राहिलो, त्याची जीभ तुह्यी आहे.”

“तुमी गप ऱ्हा हो,” ती म्हणाली. पण शब्दांना धार नव्हती. तिच्या मनात भलतंच काही चाललं होतं. सासू म्हणायची, दीर म्हणायचे, सारा गाव म्हणायचा, की जीवन उत्तमरावाचंच रोपटं, पार्बतीनं नुसतं पोसलं. तीही तेच म्हणत आली. आणि आता कळतंय की निम्मं तिचं होतं, पहिल्यापासून. पण त्या निम्म्यातली पहिली ओळख पटली ती या खोटीची. तिला कुठेतरी अभिमान वाटला आणि त्या अभिमानाचीच तिला भीती वाटली.

वाफ्यातली रोपं पिशव्यांत लावायचे दिवस होते. ते काम ती मजुरांवर सोपवत नसे, कारण त्यात निवड असते. जंबेरीच्या एका बीतून दोन-दोन, तीन-तीन कोंब निघतात. बहुतेक रोपं एकसारखी, जशी एका साच्यातली. मधूनच एखादं वेगळं: पान अरुंद, नाही तर उंची भलतीच, नाही तर खुरटलेलं. ते उपटायचं आणि बांधावर फेकायचं. पार्बताबाईच्या नर्सरीचं नाव या फेकण्यावरच उभं होतं.

ती उपटत होती. हात चालत होते. मागे सावली पडली म्हणून तिनं वळून पाहिलं, तर मंजुषा. कॉलेजातून आलेली, खांद्याला पर्स तशीच. ती बांधावरच्या ढिगाकडे पाहत होती.

“तुम्हाला माहीत आहे का आई,” ती म्हणाली, “तुम्ही ठेवता ती सारखी रोपं म्हणजे जंबेरीची लेकरं नाहीतच. झाडानं स्वतःच्याच अंगाच्या पेशी बीत वाढवल्या. ती नुसती नक्कल, आई पुन्हा आईच. दोन झाडांचं मिळून जे खरं लेकरू असते, ते बहुतेक हे.” तिनं ढिगातलं एक खुरटं रोप उचललं. “जे तुम्ही फेकता.”

पार्बताबाईच्या हातातलं रोप हातातच राहिलं. मातीचा गोळा ओघळून पायावर पडला.

“नर्सरीत ठेवता येत नाई त्याले,” ती म्हणाली. “खुंट सारखे पायजे. इकत घेनाऱ्याले मी काय सांगू?”

“ते बरोबरच आहे. मी वाफ्याचं नाही विचारून राहिली.” एरवी सासूसमोर पुस्तकी बोलणाऱ्या सुनेची भाषा आता पुरती अकोल्याच्या घरातली झाली. “उद्या-परवा फोन येईन. वाईट निघालं त... डॉक्टर म्हणतीन काय ते. मी अन् जीवन ठरवू. तो हक्क आमचा आहे, तो मी कोणाले देणार नाही. पण मले एवढं सांगा, तुमी तवा काय म्हणसान? ‘उपटून टाक’ म्हणसान? का ‘ठेव’ म्हणसान अन् मग ओट्यावरून पदर ओढून जासान? मले दोन्हीचं भेव वाटते, आई. त्या सुईपेक्षा जास्त वाटते. म्हणून नव्हतं सांगितलं तुम्हाले.”

गावात कोणी पार्बताबाईला निरुत्तर केलेलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं. वाफ्याच्या पलीकडे उत्तमराव पिशव्या भरत होते, त्यांचेही हात थांबले.

“मले नाई माहीत,” पार्बताबाई म्हणाली.

मंजुषानं तिच्याकडे पाहिलं. बहुधा तिला दुसऱ्या कोणत्या तरी उत्तराची सवय होती. तिनं ते खुरटं रोप परत ढिगावर ठेवलं, हलक्या हातानं, आणि घरात गेली.

पार्बताबाईनं हातातलं रोप पाहिलं. पान अरुंद होतं. तिनं ते फेकलं, कारण नर्सरी ती नर्सरी. पण नंतर दिवसभर तिला बांधाकडे पाठ करून काम करवेना.

फोन आला तेव्हा सकाळ होती, गाडीत कलमं भरणं चालू होतं. मंजुषा कॉलेजला निघाली होती. पर्समध्ये फोन वाजला. तिनं बाहेर काढला, नाव पाहिलं, आणि तो नुसता हातात धरून उभी राहिली. वाजतोय, वाजतोय. जीवन गाडीवरून उडी मारून खाली आला, पण दोन पावलांवर येऊन तोही थांबला, जणू पुढे विहीर होती.

पार्बताबाईनं मातीचे हात लुगड्याला पुसले, सुनेच्या हातातून फोन घेतला आणि तिच्याच बोटानं तो उचलून स्पीकर चालू करायला लावला.

“बोला डॉक्टरीनबाई. आमी सगयेच ऐकून राहिलो.”

“मंजुषा आहे का तिथे? तिच्याशीच बोलते.”

“मी आहे, मॅडम.” आवाज फाटला.

“ऐक. अदलाबदल आहे बाळात. पण दोन्ही तुकडे आलेत. बापासारखंच, आजीसारखंच. कमी काही नाही, जास्त काही नाही. कळलं का? बाळ ठीक आहे. पुढची सोनोग्राफी वेळेवर कर, बाकी काही...”

पुढचं कोणी ऐकलं नाही. पार्बताबाईनं सुनेला काखेत धरलं आणि दोघी तशाच खाली, कलमांच्या पिशव्यांमध्ये बसल्या. जीवन गाडीच्या चाकाला डोकं टेकून रडत होता. उत्तमराव टोपी काढून हातात धरून उभे होते, कोणाच्या तरी पाया पडायचं असावं, पण कोणाच्या ते ठरत नव्हतं.

पार्बताबाईला मात्र हसू आलं नाही. ‘आजीसारखंच’ हा एकच शब्द तिच्या कानात होता. म्हणजे हे लेकरू मोठं होईल, धावेल, मान ताठ ठेवून भांडेल. आणि मग एक दिवस त्याचंही लग्न होईल आणि कोणीतरी बाकावर बसून याच दारातून हाक यायची वाट पाहील. भीती घरातून गेलेली नव्हती. तिनं फक्त आपला पाट पुढच्या पंगतीला सरकवला होता. मांडीवर पडलेल्या सुनेच्या केसांत माती लागली होती. ती झटकायला पार्बताबाईनं हात नेला आणि मग तिच्या लक्षात आलं की माती आपल्याच हाताची आहे.

“चाल, उठून बस,” ती म्हणाली. “पाह्य इकडे माह्याकडे. जे सांगते ते एकदाच सांगते, दुसऱ्यांदा सांगाची मले सवय नाई. तू लपवलं, ते चुकलंच. मी आजई त्याले बरोबर म्हननार नाई. त्या दिवशी वाफ्यात तू इचारलं, अन् मले उत्तर नाई आलं. अजूनई येत नाई. पन एवढं समजलं का मले जेवढं भेव वाटत होतं, तेवढंच तुले वाटत होतं, अन् आपन एका घरात दोन चुलींवर ते शिजवून राहिलो होतो. ते बंद. या घरात एकटीनं भ्यायचं नाई. भ्यायचं असंन त मले सांगून भ्यायचं. अन् बायाईले हळदीकुंकवात काय सांगाचं, ते माह्यं मी पाहीन. राह्यलं हे,” तिनं सुनेच्या पोटाकडे बोट केलं, “पोरगी असो का पोरगा, समजायच्या वयाचं झालं का त्याले समोर बसवून माह्ये हे दोन हात दाखवाचे, अन् सगळं सांगाचं, भगवंतपासून. तू सांगजो, तुह्या तोंडाले चांगलं येते. पन मी बाजूले बसीन. आता ऊठ, तोंड धू, अन् त्या कॉलेजात आज येत नाई म्हनून सांग. अन् तू अ‍ॅसिडिटी म्हनली होती ना मले? ते मी मरेपर्यंत इसरनार नाई.”